पेटीवर बसलेला माणूस

मुलाने टेबलाच्या पलीकडून तोंड भलंमोठं उघडत, एकेक अक्षर सुटं करून विचारलं, "ना-ट-का-ला ये-णार का तू?" तेवढ्याने भागणार नाही असं वाटून त्याने दोन्ही हातांनी हवेतला पडदाही बाजूला सारून दाखवला.

असं फाकवलेलं तोंड वाचता येत नाही, हे आजीने त्याला पूर्वी सांगून पाहिलं होतं. पण प्रश्न तिला आधीच कळला होता. मघाशी तो हलक्या आवाजात सुनेला म्हणत होता, "आईला विचारल्यासारखं करायला हवं. नाहीच म्हणेल ती." आवाज हलका केला म्हणून ओठ हलायचे थांबत नाहीत, ही साधी गोष्ट या घरात इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आली नव्हती. आजीनेही ती लक्षात आणून दिली नव्हती.

"येणार," आजी म्हणाली.

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेच्या हातातला डाव भांड्यावर तसाच थांबला. मग मुलाने पुन्हा तोंड फाकवून समजावायला घेतलं, की नाटक विनोदी आहे, सगळी गंमत बोलण्यात आहे, एका जागी बराच वेळ बसावं लागेल, वर तिथे अंधार असतो.

"ठाऊक आहे मला ते नाटक. पेटीचंच ना?"

पेटीचंच होतं. फार जुनं नाटक, नव्या नटांनी पुन्हा बसवलेलं. रस्त्यावरच्या जाहिरातीत उघड्या पेटीतून एक डोकं बाहेर आलेलं होतं. तुम्ही कधी पाहिलंत, असं सुनेने विचारलं.

"पाहिलं नाही. मला सांगितलेलं आहे."

नात हसली. ती नववीत होती. घसा बंद ठेवून, नुसत्या ओठांनी ती म्हणाली, "मी तुझ्या शेजारी बसते. कुठे अडलं तर मी सांगेन." घरात ही भाषा तिला एकटीलाच येत होती. ती लहान असताना आजीनेच खेळ म्हणून शिकवली होती.

ही भाषा कापड गिरणीतली. माग खात्यात ओळीने माग चालत. धोटा एका बाजूने दुसरीकडे फेकला गेला की एक ठोका पडे, आणि असे असंख्य ठोके मिळून त्याला आवाज म्हणायची सोय राहत नसे. तो जमिनीतून पायांत येई आणि पायांतून दातांत. कानाशी ओरडूनही उपयोग नव्हता, म्हणून खात्यातल्या बायका ओठांनी बोलत. घसा बंद, ओठ आणि जीभ स्पष्ट, भुवया मदतीला. मागांच्या ओळी ओलांडून पलीकडच्या बाईशी संसाराचं सगळं बोलता येई. मुकादमाबद्दल काही म्हणायचं असलं तर तोंडावर हात आडवा धरायचा. बोलणं तोडायचं असलं तर पाठ फिरवायची. पाठ फिरवण्याइतका मोठा अपमान खात्यात दुसरा नव्हता. शिवीला निदान उत्तर देता येतं.

कान एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले, कुकरची शिटी, पाखरं, बांगड्या. मग शब्दांच्या कडा झिजल्या आणि नुसते गोळे उरले. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र सगळंच मोठं करून देई, पण चमच्यांचा खणखणाट आणि माणसाचं बोलणं यांत ते फरक करत नसे. आजीने ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं.

खात्यात तिच्या समोरच्या मागावर बुटकी होती. मागापर्यंत हात पोचावा म्हणून ती पायाखाली फळकूट घेऊन उभी राही. आजी उंच आणि वाळकी, तेव्हा ती काठी. दोघींची खरी नावं हजेरी घेणाऱ्यापुरतीच होती.

बुटकीला नाटकांचं वेड. सुट्टीच्या दिवशी ती एकटी जाऊन सगळ्यांत मागच्या जागेवर बसून नाटक बघे, आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली की मागापलीकडून सगळं नाटक तोंडावर करून दाखवी. राजा तीच, चोर तीच, लाजणारी मुलगीही तीच. काठीला सुट्टीच्या दिवशी घर होतं, धुणं होतं, लहान मुलगा होता. तिने आयुष्यात जेवढी नाटकं पाहिली तेवढी बुटकीच्या तोंडावर पाहिली.

त्यांतलं पेटीचं नाटक काठीने पुन्हा पुन्हा मागून घेतलं होतं. एक तरुण होणाऱ्या सासऱ्याला चुकवायला पेटीत शिरतो. तेवढ्यात घरातला एक म्हातारा येतो, नेमका त्या पेटीवर बसतो आणि बसल्या बसल्या झोपी जातो. आतला ठोकतो, ओरडतो, विनवण्या करतो, शेवटी आई-बापांची शपथ घालतो. वरचा घोरतो. बुटकी एकाच तोंडाने आतला आणि वरचा, दोघेही करी, आणि काठीच्या मागावर धागा तुटून पडला तरी तिचं लक्ष जात नसे.

"पण इतकं ठोकल्यावर त्याला जाग कशी येत नाही?" तिने एकदा विचारलं होतं.

बुटकी थोडा वेळ आपल्या मागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असते एकेकाची झोप."

खात्यात कसंही हसलेलं चाले. हसणाऱ्याला स्वतःचंच हसू ऐकू येत नसे, तर दुसऱ्याला कुठलं येणार. काठी पोटापासून, तोंड उघडं टाकून हसे. त्या हसण्याला आवाज केवढा आहे, हे तिला कधी कळलंच नाही. कान होते तेव्हा मागांमुळे, आणि माग सुटले तेव्हा कान नव्हते म्हणून.

काम सुटलं की दोघींनी मिळून एक तरी नाटक बघायचं, असं ठरलं होतं. काम सुटलं आणि बुटकीला झटका आला.

तिकिटं काढल्याचं कळल्यावर आजी बुटकीकडे गेली. बुटकी आपल्या मुलाच्या घरी मागच्या खोलीत पडून होती. कान तिचेही कधीच गेले होते. आता अंगाची उजवी बाजू गेलेली, आणि तोंडाचीही. ओठ दोन्ही बाजूंनी सारखे हलतात, म्हणून ते वाचता येतात. बुटकीच्या शब्दाचा एक अर्धा भाग आता वर उचलला जाई आणि दुसरा तिथेच पडून राही. आजीने हळूहळू अर्ध्यावरून पुरतं वाचायची सवय करून घेतली होती, पण लांब वाक्य असलं की हातातून सुटे.

"काठी," बुटकी म्हणाली. हा शब्द तिला नीट जमे.

आजी खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसली आणि नाटकाचं सांगितलं. रविवारी दुपारचा प्रयोग. नात शेजारी बसणार आहे. "आजवर तू सांगितलंस. आता दुसऱ्या दिवशी येऊन मी सांगते. नवा माणूस पेटीतून कसा ओरडतो तेही करून दाखवते."

बुटकी खूश होईल असं तिला वाटलं होतं.  बुटकीने उलट काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली. आजीला 'म्हातारा' कळलं, 'पेटीवर' कळलं, बाकीचं त्या पडक्या बाजूत गेलं. पुन्हा सांग, असं तिने म्हटलं. बुटकीने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढंच कळलं. शेवटी बुटकीने मान हलवून तो नाद सोडला आणि धडक्या हाताने आजीच्या मनगटावर थोपटलं.

"ये," ती म्हणाली. "सांग."

आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी आजी टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. ओट्यापाशी सून तिच्याकडे तोंड करून उभी होती. नात बाहेरून आली, आजीकडे एकदा पाहिलं, आणि सुनेशी बोलायच्या आधी पाठ करून उभी राहिली.

घरातलं दुसरं कुणीही पाठ करून उभं राहिलं असतं तर त्याचा काही अर्थ नव्हता. नातीला मात्र ठाऊक होतं.

तिच्या समोर भांड्यांचं काचेचं कपाट होतं. आतला दिवा बंद होता आणि खिडकीतला उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर पडला होता. काचेत डाव्याचं उजवं होतं, पण ओठांना त्याने फरक पडत नाही.

"आई, आजीला नको ना नेऊया," काचेतली नात म्हणाली. "माझी मैत्रीण येते म्हणाली आहे. तिच्यासमोर नको. आजी कशी हसते माहीत आहे ना तुला? शाळेत काय झालं होतं?"

सून म्हणाली, "असं बोलू नये गं." मग तिने आजीकडे एक नजर टाकली, आवाज उतरवला असावा, कारण मान जराशी खाली गेली. "बघू. बाबांना सांगते मी. तिकिटं कमी पडली म्हणतील."

आजीच्या हातातली शेंग सोलून झाली होती. तिने दाणे वाटीत टाकले आणि पुढची घेतली.

शाळेत काय झालं होतं ते तिला आठवलं. नातीच्या वर्गाने एक छोटी नक्कल बसवली होती. आजी पुढच्या रांगेत होती, पोरांची तोंडं तिला स्वच्छ दिसत होती, आणि एका जागी तिला फार हसू आलं. सगळं सभागृह वळून तिच्याकडे बघायला लागलं होतं. तिला वाटलं, ही कुणाची आजी म्हणून लोक कौतुकाने बघताहेत. तिने त्यांना हात केला होता.

काचेत ते बोलणं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना, ती न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहिली. गळ्याच्या मध्ये, हाडाच्या खाली दोन बोटं ठेवली. आवाज निघत असला की तिथे बोटांना थरथर लागते, हे तिला खात्यापासून माहीत होतं. नवीन आलेल्या मुलींना बिनआवाजाचं बोलणं असंच शिकवत. ती नुसत्या ओठांनी बोलली, थरथर नव्हती. ती हसली, आणि बोटांखाली जे काही झालं त्याने ती स्वतःच दचकली. एखादं यंत्र सुरू व्हावं तसं ते होतं.

बोलताना घसा मिटतो तसा हसताना मिटत नाही. हसू खालून येतं आणि वाटेत कुणाला विचारत नाही. तिने ते वरवर आणून पाहिलं, नुसत्या गालांनी. श्वास आधी सोडून द्यायचा, मग तोंड उघडायचं, खांदे थोडे हलवायचे. पहिल्या दिवशी जमलं नाही. नंतर थोडं जमलं. पेटीतला माणूस आठवायचा, बुटकीचं ते धडकं, दोन्ही बाजूंचं तोंड आठवायचं, आणि बोटं गळ्यावर. शनिवारी सकाळपर्यंत तिला असं हसता यायला लागलं, की आरशातली बाई खो खो हसते आहे आणि बोटांखाली काही नाही.

ती बाहेर आली. नातीला हाक मारून दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. बघ, असं हसेन मी, कुणी वळून बघायचं नाही. नात टेबलाशी पुस्तकं लावत बसली होती. पण मुलगा मध्येच समोर आला, तिचे खांदे धरून तिला उजेडात उभं केलं आणि तोंड फाकवलं.

"आई, ति-कि-टं क-मी प-ड-ली." मग चार बोटं दाखवली, एक बोट मुडपलं, आणि हताश झाल्यासारखा चेहरा केला. पुढच्या वेळी नक्की, असंही म्हणाला.

त्याच्या कडेने तिला नात दिसत होती. पुस्तकं लावून झाली होती, तरी ती पाठमोरी होती.

"असू दे," आजी म्हणाली. "तसाही गुडघा धरलाय माझा. मीच सांगणार होते."

मुलाचे खांदे इतके सैल पडले, की तो मघापासून ते उचलून धरून होता हे तेव्हा कळलं. त्याने सुनेला सांगितलं, "बघ, तिलाच नको होतं." हे त्याने अगदी साध्या तोंडाने सांगितलं. शब्द न् शब्द वाचता आला.

रविवारी दुपारी नातीच्या मैत्रिणीला दार आजीनेच उघडलं. आत सगळ्यांची आवराआवर चालली होती. मुलगी चांगल्या वळणाची होती. तिने बूट काढता काढता विचारलं, "आजी, तुम्ही नाही येत?"

"नाही गं," आजी म्हणाली. "मला ऐकू येत नाही ना."

सगळे निघाले तेव्हा तिने खिडकीतून पाहिलं. मुलगा काहीतरी म्हणाला आणि चौघंही हसली. पाठमोरी होती, तरी हसली ते कळलं. हसताना माणसाची पाठ लपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघायच्या आधी नात आपणहून स्वयंपाकघरात आली. ओट्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, "सांगू तुला नाटक?"

ती मनापासून सांगत होती. तिचे केस नीट बांधलेले होते, चेहरा खुलला होता, मधूनमधून ती विसरून आवाजात बोलत असावी, कारण गळ्याची शीर फुगे. तरुण पेटीत शिरला. सासरा आला. मग एक म्हातारा आला आणि पेटीवर बसला.

"तो म्हातारा ठार ब..."

ओठ मिटले ते उघडले नाहीत. नातीचा हात तोंडावर गेला, खात्यातल्या बायकांसारखा आडवा.

"बहिरा?" आजीने विचारलं.

नातीने मान हलवली.

"मग पुढे सांग ना."

नातीने हात काढला. "पेटीतला माणूस ओरडतो, ठोकतो. आणि तो म्हातारा नुसता दाणे खात बसतो. मग म्हणतो, आज घरात किती शांतता आहे." ती आजीचा चेहरा बघत थांबली, आणि मग तिला राहवलं नाही. "सगळं थिएटर हसत होतं, आजी. बाबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून."

आजीच्या हातात ओलं फडकं होतं. तिने ते ओट्यावर ठेवलं. इतकं ठोकल्यावरही जाग कशी येत नाही, असं तिने विचारलं होतं, आणि बुटकीने मागाकडे बघत उत्तर शोधलं होतं. खात्यातल्या सगळ्याच बायकांचे कान तेव्हा उतरायला लागले होते. काठीचे सगळ्यांच्या आधी. बुटकीने एवढं मोठं नाटक शब्दाचाही फेरफार न करता सांगितलं असेल, आणि एका माणसाला तेवढं झोपवलं होतं.

नात वाट बघत होती. आजीने श्वास सोडला, दोन बोटं गळ्याशी नेली, तोंड उघडलं आणि हसली. खांदे हलले. बोटांखाली काही नव्हतं.

नातीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, तू किती हळू हसतेस," ती म्हणाली. "आली असतीस तरी चाललं असतं की."

बोलून गेल्यावरही तिच्या चेहऱ्यावर वेगळं काही उमटलं नाही. तिने दप्तर खांद्याला अडकवलं, आजीच्या गालाला गाल लावला आणि गेली.

बुटकी उशीला टेकून बसली होती. वाट बघत होती हे उघड होतं, कारण तिच्या सुनेने तिचे केस विंचरून दिले होते. आजीने खुर्ची उजेडात ओढली. बुटकीची नजर तिच्या तोंडावर येऊन बसली आणि तिथून हलली नाही.

आजीने सांगायला घेतलं. पडदा कसा होता, पुढच्या रांगेतून नटांच्या कपाळावरचा घाम कसा दिसत होता, पेटीला रंग कुठला होता. हे सगळं तिने जागेवर बसून रचलं. सासरा केला, लाजणारी मुलगी केली. तरुणाला पेटीत घातलं.

"मग तो म्हातारा आला," ती म्हणाली, "पेटीवर बसला."

बुटकीचा धडका हात चादरीवर आवळला गेला.

"आणि झोपला," आजी म्हणाली. "बसल्या बसल्या. असा घोरतोय म्हणतेस. आतला बिचारा आई-बापांच्या शपथा घालतोय, आणि याला पत्ताच नाही."

बुटकी तिच्या ओठांकडे बघत राहिली. बघायचं संपलं तरी बघत राहिली. मग तिचं अर्धं तोंड हललं.

"किती वेळ झोपला?"

"नाटक संपेपर्यंत. असते एकेकाची झोप."

बुटकीला हसू फुटलं. आधी तोंडाची एक बाजू वर गेली, मग खांदा, मग पलंगाचा कठडा हलायला लागला. डोळे घट्ट मिटून, मान मागे टाकून ती हसत होती, खात्यात हसायची तशी. ते हसू मोठं असलं पाहिजे, कारण बाहेरच्या खोलीतून तिची सून दारापर्यंत आली, दोघींकडे बघितलं, आणि दार ओढून घेतलं.

आजीही हसली. इथे वळून बघणारं कुणी नव्हतं. समोरचीला ऐकू येत नव्हतं, आणि दारही लागलेलं होतं. पण तिची बोटं सवयीने गळ्याशी गेली होती. तिथे काही हलत नव्हतं. तिने थोडा जोर लावून पाहिला, मग आणखी थोडा. बुटकीचे डोळे अजून मिटलेलेच होते. ते उघडायच्या आत आजीने बोटं खाली घेतली आणि हात मांडीवर ठेवला.